मुळा-मुठेचे मासे आणि नवे नकाशे

नकाशा म्हटला की सरहद्दी, डोंगर आणि रस्ते हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत नकाशाची एक निराळीच जात उदयास आली आहे. संगणकाच्या पडद्यावर एखाद्या पक्ष्याचे वा माशाचे नाव लिहावे, आणि तो प्राणी कोठे व कोणत्या दिवशी दृष्टीस पडला हे सांगणारे ठिपके क्षणार्धात उमटावे, अशी ही योजना आहे. २००२ साली अमेरिकेत निघालेले ‘ई-बर्ड’ आणि २००८ साली आपल्या देशात सुरू झालेले ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ ही तिची ठळक उदाहरणे होत. साधन नवे खरे. परंतु प्राण्याचे नाव त्याच्या ठिकाणाशी जोडून ठेवण्याचा खटाटोप आमच्या पुण्यास नवा नाही.

पेशवाई बुडून सहा वर्षे झाली असता, १८२४ साली, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामी नेमले. या गृहस्थाने लोकसंख्या व पिके यांबरोबरच पशुपक्षी आणि मासे यांचीही टिपणे केली. दख्खनच्या माशांचे त्याने केलेले वर्णन १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चाळीसांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतील बहुतेक शास्त्रास तोवर अपरिचित होत्या. विशेष हे की, खुद्री, कोलूस, मुल्या, फुलंगी, गोग्रा असे येथील शब्दच त्याने त्या जातींच्या शास्त्रीय नावांत घातले. इंग्रजी कानांनी ते थोडेबहुत वाकविले असतील. तरीही ज्या कोळ्यांनी ती नावे सांगितली, त्यांची जिव्हा जगभरच्या ग्रंथांत राहिली. स्वतः ते कोळी मात्र अनामच राहिले.

पुढे १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवरील आपला लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. १९५९ साली भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्रही पुण्यात स्थापन झाले. येथील प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनीही नदीचा शोध चालू ठेविला. परंतु या अवधीत नदी तीच राहिली नाही. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले. १९५२ साली परदेशी तिलापी मासा हिंदुस्थानात आणिला गेला. आणि वाढत्या शहराचे सांडपाणी पात्रात येऊ लागले. जुन्या यादीतील कोणता मासा कोणत्या डोहातून केव्हा नाहीसा झाला, हे नुसत्या यादीवरून कळणे कठीण. यादीस ठिकाण आणि तारीख जोडली म्हणजे तिचा इतिहास बनतो, आणि या नकाशांचे खरे महत्त्व येथेच आहे.

तथापि ठिपक्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणे इष्ट नव्हे. ठिपका जसा प्राण्याची साक्ष देतो, तशीच पाहणाऱ्याचीही देतो. शहरालगत व सडकेलगत ठिपक्यांची दाटी असते, कारण हौशी निरीक्षक तेथेच जातात. झाडावरचा पक्षी सर्वांस दिसतो. पाण्याखालचा मासा जाळ्यात आल्यावाचून दिसत नाही. म्हणून कोऱ्या जागेचा अर्थ ‘येथे काही नाही’ असा न करता ‘येथे कोणी पाहिले नाही’ असाही करावा लागतो. नाहीतर कोरा नकाशा हाती धरून, ‘या पात्रात राखण्याजोगे काहीच नव्हते’ असे म्हणणारा उद्या निघेल, आणि त्यास उत्तर देणे जड जाईल. उलटपक्षी, दुर्मिळ प्राण्याची नेमकी जागा उघड झाल्यास चोरट्या शिकाऱ्याचे काम सोपे होते. म्हणून काही नकाशांवर ती मुद्दाम अस्पष्ट ठेवितात, आणि ते योग्यच आहे.

आमच्या मते पुण्याच्या महाविद्यालयांनी दोन कामे अंगावर घ्यावी. साइक्स व फ्रेझर यांच्या नोंदी, जेथे त्यांची ठिकाणे निश्चित करिता येतील तेथे, त्या-त्या वर्षासह नकाशावर आणाव्या. आणि आज नदीवर जाळे टाकणाऱ्या माणसास माशाचे नाव विचारून तेही त्यासोबत लिहावे. नदीने काय गमाविले याचा हिशेब पूर्वीची शिल्लक ठाऊक असेल तरच मांडता येतो. मुळा-मुठेच्या बाबतीत ती शिल्लक जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच कोणी टिपून ठेविली आहे. ती उलगडून पाहण्याचा आळस आपण किती दिवस करावा?