बेडी

राज्यें जातात, दंडाचे कायदे बदलतात. परंतु एखादें क्रियापद जुन्या काळाची खूण अंगावर वागवीत लोकांच्या तोंडीं राहून जातें. ‘बेडी ठोकणें’ या प्रयोगाचें असेंच झालें आहे.

बंधनाचे आपले कितीतरी शब्द मुळांत जनावरांसाठीं योजलेले आहेत. अमरकोशांत शृंखला आणि निगड हे शब्द येतात ते हत्तीच्या साहित्यांत, अंकुशाच्या शेजारीं. फारशीवरून आलेला पायबंद हा घोड्याच्या मागच्या पायांचा, वेसण बैलाच्या नाकांतली, आणि लोढणें ओढाळ गुराच्या गळ्यांतलें. आज आपण महागाईला पायबंद घालतों, खर्चाला वेसण घालतों, आणि घोडा किंवा बैल कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. अपराध्याचे पाय लाकडांत अडकविणारा खोडाही आतां दुसऱ्याच्या कामांत घालण्यापुरताच उरला आहे. बेडी मात्र माणसाच्या अंगाला अद्याप चिकटून आहे.

बेडी पायांतली आणि हातकडी हातांतली, हा भेद नीट बोलणारे पाळीत. पेशवाईच्या कागदपत्रांत कैद्यास बेडी घालून किल्ल्यावर ठेवण्याच्या आज्ञा आढळतात. ही बेडी घालणें लोहाराचें काम असे. कड्याचीं टोकें जुळवून मधला खिळा हातोड्यानें चेपला कीं झालें. अशा बेडीला किल्ली नसे. म्हणून बेडी ‘ठोकतात’, आणि सुटका झाली म्हणजे ती ‘तोडतात’. पारतंत्र्याच्या बेड्या तोडण्याची भाषा वक्ते करीत, तेव्हां त्या अलंकारामागें छिन्नीचा खरा घाव होता.

अंदमानांतील राजबंद्यांना तर हा अलंकार नव्हताच. दंडाबेडींत घोट्यापासून कमरेपर्यंत लोखंडी गज असत, त्यामुळें पाय मोकळेपणानें वाकवितां येत नसत. आडव्या दांडीच्या बेडींत ते जवळ घेतां येत नसत. १९२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथानें हें जग मराठी वाचकांच्या घरांत आणलें. पुढें नऊच वर्षांनीं, १९३६ सालीं, अत्र्यांचें ‘लग्नाची बेडी’ रंगभूमीवर आलें, आणि त्याच शब्दावर प्रेक्षक पोट धरून हंसले. भाषा इतकी विसराळू आणि इतकी लवचिक असते.

न्यायालयांना मात्र असें विसरतां येत नाहीं. तिहार तुरुंगांतील चार्ल्स शोभराज या कच्च्या कैद्याच्या पायांतील दंडाबेडीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां १९७८ सालीं त्या न्यायालयानें अशा बेडीच्या वापरावर कडक बंधनें घातलीं. १९८० सालीं प्रेमशंकर शुक्ल यांच्या प्रकरणांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं हातकडी ही मूलतः अमानुष ठरविली. कैदी पळून जाईल अशी सबळ भीति असल्यास आणि तिचीं कारणें नमूद केल्यासच तिला वाव ठेवला. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३व्या कलमानें कांहीं गंभीर गुन्ह्यांपुरती हातकडीची मुभा स्पष्ट शब्दांत दिली आहे. हा वाद म्हणजे केवळ इतिहास नव्हे, तो असा.

आणि तरी आपलीं वर्तमानपत्रें रोज कोणा ना कोणाला ‘बेड्या ठोकतात’. ज्याला नुसती अटक झाली, ज्याच्या मनगटाला कदाचित् लोखंड लागलेंही नाहीं, ज्याचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा आहे, त्याला मथळ्यांत लोहाराकडे नेऊन बसवितात. पुढें तो निर्दोष सुटला तरी वाचकाच्या मनांतला खिळा निघत नाहीं, कारण ठोकलेल्या बेडीला किल्ली नसते. ‘अटक’ हा साधा, अचूक शब्द आपल्याजवळ आहे. न्यायाधीशाचें काम न्यायाधीशाकडे राहूं द्यावयाचें असेल, तर लिहितांना तोच वापरणें बरें.