मांडावरचा गळा आणि बैठकीतला गळा

गोव्यात पार्से-पेडण्याकडे जत्रेच्या रात्री दशावतार पाहायला बसलात, तर रंगमंचावरच्या संकासुराइतकंच लक्ष बसलेल्या माणसांकडे द्या. मांडीवर झोपलेलं पोर घेऊन मध्यरात्री कोण उठून जातं? पहाटेपर्यंत कोण टिकतं? समोर बायकांची सोंगं पुरुषच वठवत असतात, तेही विसरू नका.

आवड ज्याची त्याची, असं आपण म्हणतो. आवडीनिवडींचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्राच्या शाखेचा आरंभ त्याच वाक्यावरच्या संशयातून झाला. पिएर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९च्या ग्रंथात दाखवलं, की कुणाला कोणतं संगीत भावतं, यामागे घराणं, शिक्षण आणि पैसा उभा असतो. मात्र त्याचा नकाशा गोव्यावर जसाच्या तसा बसत नाही. इथे वर्गाच्या आधी जात येते, आणि जातीला देवळातली सेवा चिकटलेली असते.

केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांच्या गायकीपुढे मुंबईचे दर्दी नतमस्तक झाले. दोघीही देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या कलावंत समाजातल्या. त्यांच्या गाण्याला कला म्हटलं गेलं, पण गाणाऱ्या बाईला घरंदाज मानायला समाज तयार नव्हता. उलट पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, धालो हा बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ खेळणारी शेतकरीण घरंदाज ठरली, पण तिच्या गाण्याला कुणी कला म्हणेना. ती ‘बायकांची रीत’. गळा दोघींनाही होता. नाव कशाला काय द्यायचं, हे दोघींनाही विचारलं नव्हतं. आडनावात पेडणं वागवणाऱ्या हिराबाई पेडणेकरांनी याच कुंपणाच्या आतून ‘संगीत दामिनी’ लिहिलं आणि मराठीतल्या पहिल्या स्त्री-नाटककार म्हणून त्या ओळखल्या गेल्या. मला विचाराल तर या विषयाचा अभ्यास बूर्द्यूपेक्षा त्यांच्यापासून सुरू करावा.

फुरसतीचं कोडंही इथलंच आहे. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर परक्यांची सुट्टी असते, तेव्हा गावातल्या कितीतरी घरांत कामाचा हंगाम असतो. आणि घरातल्या बाईची फुरसत? धाल्यांना जातानाही ती चूल आवरूनच निघते.

नव्याने येणाऱ्या अभ्यासकाला हे सगळं पाहायला फार सामग्री लागणार नाही. वही घ्या आणि जवळच्या देवळात महिला भजनी मंडळाची तालीम असेल त्या संध्याकाळी जाऊन बसा. तालीम किती वाजता ठरली होती, प्रत्यक्षात केव्हा सुरू झाली, उशिरा आलेली कशामुळे उशिरा आली, आणि पेटीवर, पखवाजावर कोण बसलं आहे, एवढं आधी टिपा.