शब्दवेध : संधिपाद

‘संधी’ म्हणजे सांधा, ‘पाद’ म्हणजे पाय. पायांना सांधे असलेला अपृष्ठवंशी प्राणी तो संधिपाद. ग्रीकमधल्या ‘आर्थ्रॉन’ आणि ‘पूस’ या नेमक्या याच अर्थाच्या शब्दांवरून ‘आर्थ्रोपोडा’ हे शास्त्रीय नाव घडलं. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फॉन सीबोल्ड यांनी ते १८४८च्या सुमारास दिलं.

खेकड्याचा पाय जवळून पाहा. कठीण नळीला नळी जोडलेली, मधे लवचीक पापुद्रा. पाय वाकतो तो तिथेच. कोळंबी, झुरळ, विंचू यांचीही घडण हीच.

शरीरावरून अशी नेमकी वर्गवारी सुरुवातीला नव्हती. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८मध्ये गांडूळ, गोगलगाय आणि तारामासा यांना एकाच ‘कृमी’ गटात कोंबलं होतं. आज वलयांच्या शरीराचं गांडूळ वलयी, मऊ अंगाची गोगलगाय मृदुकाय, तर काटेरी कातडीचा तारामासा कंटकचर्मी. प्रत्येक नावातच त्या प्राण्याची ओळख दडलेली आहे.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना विनंती : ही नावं मुलांकडून घोकून घेऊ नका, फोडून दाखवा. शब्द उलगडला की वर्गीकरण आपोआप लक्षात राहतं.