डेमलोचा आकडा

उर्दू माध्यमाचे मूल गणितात मागेच राहणार, असे आम्ही आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकतो. संशोधन हे प्राध्यापकांचे काम, शाळामास्तरांचे नव्हे, असेही ऐकतो. दोन्ही समज तपासायला आपल्याच भागातला एक माणूस पुरेसा आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत जन्मले. ते गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते आमच्या वसई-विरारप्रमाणे पालघर जिल्ह्यात आहे. १९२९ साली बी.एस्सी. होऊन कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त झाले. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. छंद एकच, संख्यांचा.

डोंबिवली स्टेशनाचे जुने नाव डेमलो. तिथे त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्यांना 'डेमलो संख्या' म्हटले. त्यांतली एक पाहू. नऊ एक्के शेजारी लिहा: १११११११११. त्याचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. अंक नऊपर्यंत चढतात आणि तसेच उतरतात. ही जादू नव्हे. गुणाकार मांडला की मधल्या रकान्यात जास्तीत जास्त नऊ एक्के येतात, म्हणून हातचा लागतच नाही. दहा एक्के घ्या, हातचा येतो आणि नक्षी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग. तिचे मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. तिला निःशेष भाग देणाऱ्या संख्या बरोबर ४५. आणि ४५ ही स्वतः 'कापरेकर संख्या' आहे: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

आपल्याकडे त्यांची कदर फारशी झाली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. आज ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' जगभर शिकवला जातो.

इल्मला माध्यमाची अट कधीच नव्हती. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी हिंदुस्थानी अंकगणितावर अरबीत ग्रंथ लिहिला. अरब आजही आपल्या अंकांना 'हिंदी' म्हणतात. उर्दूत मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. कापरेकरांचा हा आकडा तर दोन्हीकडून सारखाच वाचला जातो.

तेव्हा पालकहो, दहावीनंतर मुलीचे गणित सोडवण्याआधी तिच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि नऊ एक्क्यांचा वर्ग करायला सांगा. आणि उस्तादांनो, पुस्तक संपले म्हणून गणित संपले असे समजू नका. देवळालीच्या त्या मास्तरांपाशी तरी याहून वेगळे काय होते?