‘फिशन’: तारापूरच्या भट्टीतील शब्दाचे गोत्र

१/ पालघर तालुक्यातील माकुणसारच्या उत्तरेस, बोईसरच्या पश्चिमेकडे समुद्रकाठी तारापूर अणुवीजकेंद्र उभे आहे. २८ ऑक्टोबर १९६९ पासून भारतातील हे पहिले अणुवीजकेंद्र व्यापारी तत्त्वावर चालू लागले. ज्या क्रियेवर ते चालते, तिचे इंग्रजी नाव ‘फिशन’.

२/ लॅटिन ‘फिंडेरे’ म्हणजे चिरणे, दुभंगणे. खडकातील भेगेसाठी वापरला जाणारा ‘फिशर’ हा शब्दही त्याच कुळातला. भाषाशास्त्रानुसार ‘फिंडेरे’ आणि संस्कृत ‘भिद्’ हे धातू एकाच मुळाचे. म्हणजेच मराठीतील ‘भेद’, ‘भेदणे’, ‘भिन्न’ हे शब्द ‘फिशन’चे दूरचे सगोत्र ठरतात.

३/ एकोणिसाव्या शतकात हा शब्द जीवशास्त्रात रुळला. अमीबा दुभंगतो आणि एकाचे दोन जीव होतात, ते ‘फिशन’. इथे फुटणे म्हणजे वाढणे.

४/ डिसेंबर १९३८. बर्लिनमध्ये ओटो हान व फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला, तर त्यातून बेरियम निघाले! ज्यू असल्यामुळे जर्मनी सोडावी लागलेल्या लीझ माइटनर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी स्वीडनमध्ये त्याचा उलगडा केला : अणूचे केंद्रक पाण्याच्या थेंबासारखे ताणले जाऊन दुभंगले होते.

५/ या घटनेला नाव काय द्यावे? पेशी दुभंगण्याला काय म्हणतात, असे फ्रिश यांनी कोपनहेगनमध्ये विल्यम आर्नल्ड या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाला विचारले. उत्तर आले, ‘फिशन’. ११ फेब्रुवारी १९३९ च्या ‘नेचर’मध्ये ते नाव छापून आले.

६/ हान यांना १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. माइटनर यांना ते कधीच मिळाले नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर युरेनियम बाँब पडला. जीव वाढण्याचे नाव संहाराला चिकटले.

७/ मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘विखंडन’ हा शब्द स्वीकारला. त्यात ‘खंड’ ठळक आहे. अमीबाच्या वाढीची आठवण मात्र पुसट झाली.

८/ तारापूरच्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या २००५ व २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली आणि पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयात गेला. भट्टीच्या आत ‘विखंडन’, कुंपणाबाहेर ‘विस्थापन’. या किनाऱ्याचा इतिहास वाचताना दोन्ही शब्द शेजारी ठेवावे लागतात.