गोणीच्या वाटेपासून डांबरी सडकेपर्यंत : अकोले तालुक्यातील दळणवळणाची हकीकत

आपल्या वंजारी समाजाचा इतिहास लिहू जाता लेखक बहुधा वंशावळींपासून आरंभ करतात. आम्ही तो वाटेपासून करणार आहोत. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर गोणी लादून मुलूखभर धान्य व मीठ वाहिले, त्याचा इतिहास वाटेवरच घडला, हे कोणीही मान्य करील. त्यातही अकोले तालुक्यापुरतेच लिहावयाचे योजिले आहे. कारण आमची शिक्षकी पेशातील हयात याच तालुक्यात गेली व येथील पुष्कळशा वाटा आम्ही स्वतः पायांनी मोजल्या आहेत.

अकोले हा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा पश्चिमेकडील शेवटचा तालुका. प्रवरा, मुळा व आढळा या नद्यांची ही भूमी. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच तालुक्याच्या सीमेवर आहे आणि हरिश्चंद्रगड व रतनगड हे किल्लेही येथलेच. राजूरच्या पुढील डोंगराळ मुलखास लोक डांगाण म्हणतात. तेथे महादेव कोळी व ठाकर बांधवांची वस्ती आहे. घाटघर, साम्रद, पाचनई ही गावे अगदी कड्याच्या कडेवर वसलेली. कड्याखाली एकदम कोकण. या भिंतीतून चोंढ्या घाट, करोली घाट, साधले घाट अशा वाटा खाली उतरतात. वाट म्हणण्यापेक्षा खडकातील पायऱ्या व घळी म्हणणेच अधिक योग्य.

गाडी जेथे चढत नाही तेथे बैल चढतो, यावरच जुना व्यापार उभा होता. कोकणातून मीठ वर यावे व घाटावरचे धान्य खाली जावे, हा त्याचा क्रम. तांड्याच्या पुढे नायकाचा बैल, त्याच्या गळ्यात घुंगरमाळ, मागे गोणी लादलेल्या बैलांची रांग, असे वर्णन आम्ही लहानपणी आजोबांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. या भागातील डांगी जातीचा बैल तर पावसासाठीच घडविला असावा असा आहे. त्याच्या कातडीस तेलकट अंश असल्याने धो धो पावसातही तो तग धरतो. राजुरास डांगी जनावरांचे प्रदर्शन आजही भरते; समाजातील तरुणांनी ते एकदा अवश्य पाहावे. प्रवरेच्या उगमाजवळ, रतनवाडीसारख्या आडगावी अमृतेश्वराचे कोरीव हेमाडपंती मंदिर का उभे राहिले असावे, असा प्रश्न पाहणारास पडतो. जेथून माणसांची व मालाची ये-जा असते तेथेच असे दगडी काम उभे राहते, असे आमचे मत आहे.

सडक नसणे हे त्या काळी नेहमीच उणेपण नव्हते. देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रज सरकार व सावकारशाही यांविरुद्ध बंड उभारले, तेव्हा सरकारी फौजेस ते दीर्घकाळ हाती लागले नाहीत. घळी, कपारी व घाटवाटा त्यांच्या माणसांस ठाऊक होत्या, फौजेस नव्हत्या. अखेर ते पकडले गेले व २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले.

आपल्या पूर्वजांच्या धंद्यावर घाव घातला तो आगगाडीने. १८६५ साली थळ घाटातून इगतपुरीपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि कोकणचे मीठ डब्यात बसून वर येऊ लागले. इगतपुरी व घोटी ही जवळची स्टेशने. बैल चार मण ओझे घेऊन जी चढण दिवसभर चढे, ती गाडी काही घटकांत चढू लागली. तांडे मोडले, बैल नांगरास जुंपले गेले, आणि वाटेवरचा समाज शेतकरी झाला. काही जुनी मंडळी याबद्दल हळहळ व्यक्त करीत. आम्हांस ती हळहळ पूर्णपणे पटत नाही. गोणीखाली बैलाची पाठ सोलवटे तशी माणसाचीही आयुष्ये सोलवटत, हे आजोबाच सांगत असत.

पुढे १९१० साली शेंडी गावाजवळ प्रवरेवर भंडारदऱ्याच्या धरणाचे काम निघाले व १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते ते खुले झाले. उंची सुमारे २७० फूट, साठा ११ अब्ज घनफुटांच्या घरात. एवढे दगड-चुन्याचे काम करावयाचे म्हणजे सामग्री व मजूर जाण्यास रस्ता हवाच. तेथपासून डांगाणात खऱ्या अर्थाने चाक फिरू लागले. परंतु पाणी गेले खाली ओझरच्या बंधाऱ्यास, व तेथून दोन कालव्यांनी पूर्वेच्या तालुक्यांस. तेथे ऊस झाला, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ते चांगलेच झाले. मात्र या तालुक्यात रस्ता आला तो बहुधा येथून काहीतरी बाहेर न्यावयाचे होते म्हणून आला. येथील माणसास कोठे जावयाचे आहे, हा प्रश्न मागाहून विचारला गेला.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. पुढे ती कोल्हार-घोटी रस्त्याने अकोले-राजुरासही येऊ लागली. आम्ही १९८१ साली नोकरीवर रुजू झालो तेव्हा मोटार एका फाट्यापर्यंत जाई. तेथून शाळेची वाडी तीन तासांची चाल. पावसाळ्यात ओढा भरला की पगार व खडू दोन्ही अलीकडेच थांबत. एकदा श्रावणात एका अडलेल्या बाईस घोंगडीची झोळी करून फाट्यापर्यंत नेले. खांदा देणाऱ्यांत आम्हीही होतो. मोटार मिळाली, बाई वाचली, मूल वाचले नाही. त्या वाडीस पुढे रस्ता झाला. अद्याप न झालेल्या वाड्यांत तीच झोळी पावसाळ्यात बाहेर निघते.

टपालाची कथा निराळी. १९८५ साली आमच्या वडिलांच्या आजारपणाचे पत्र पुतण्याने धाडले, परंतु ‘अकोले’ ऐवजी ‘अकोला’ लिहिले व पिन क्रमांक लिहिलाच नाही. पत्र विदर्भात फिरून एकोणीस दिवसांनी आम्हांस मिळाले. तोवर तेरावे होऊन गेले होते. पिन क्रमांकाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासूनच देशात सुरू होती. अकोल्याचा क्रमांक ४२२६०१. त्याचे पहिले तीन आकडे नाशिकचे आहेत. अकोल्यास नाशिक जवळ, हे टपाल खाते जाणते. जिल्हा पातळीवरील महसुली कामास मात्र घाटघरच्या माणसास दीर्घकाळ दीडशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून नगरासच जावे लागे.

त्याच घाटघरला २००८ साली २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. वरच्या तलावातील पाणी कड्याच्या पोटातून खाली शहापूर तालुक्यातील चोंढ्यास सोडावयाचे, वीज करावयाची, व विजेची मागणी कमी असता तेच पाणी पुन्हा वर चढवावयाचे, अशी योजना. जपानच्या कर्जसाह्याने हे काम झाले. आमच्या नोकरीच्या काळात घाटघरच्या माणसास चोंढ्यास जाणे झाल्यास दोनच मार्ग होते : आजोबांच्या तांड्याचा चोंढ्या घाट पायी उतरणे, अथवा घोटी, इगतपुरी, कसारा असा मोटारीचा लांब वळसा घेणे.

२०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या व शिक्षण मोबाइलवर आले, तेव्हा आम्ही निवृत्त होतो. तरी जुन्या वाडीस गेलो असता मुले टेकडीच्या माथ्यावर बसलेली दिसली; खाली ‘रेंज’ नव्हती. एका मोबाइलभोवती सात मुले, आणि पाऊस आला की मोबाइल पिशवीत. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील अशा २४,६८० गावांसाठी फोर-जीची योजना मंजूर केली. मनोरे जसजसे उभे राहतील तसतशी टेकडी मोकळी होईल.

असो. आमच्या देवघरात नायकाच्या बैलाची पितळी घुंगरमाळ आहे. तिचे तीन घुंगरू गळाले आहेत. तांडा मुक्कामास कोठे कोठे थांबे ती नावे आजोबांस पाठ होती; आम्हांस त्यांतील चारच आठवतात. ज्या कुटुंबांत अद्याप कोणी ऐंशी-नव्वदीचे वडीलधारे असतील, त्यांनी ती मुक्कामाची ठिकाणे त्यांच्याकडून उतरवून घ्यावीत व पुढील अंकासाठी दिवाळीपूर्वी मंडळाकडे पाठवावीत, ही विनंती.