पहिल्या दुखण्याची वंशावळ

डावा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला जवान वर्षानुवर्षं उजव्यावर भार देत चालतो. जिना चढताना आधी तोच पाय टेकतो, जयपूर फूट मागून येतो. मग उजवा गुडघा कुरकुरू लागतो, पाठोपाठ कंबर धरते. गुडघा आणि कंबर कुणाच्या खाती मांडायची? भोपाळच्या बाग सेवनियात राहणाऱ्या माजी सैनिकाला तपासणीसाठी एम्स जवळच आहे. पेन्शनचा तंटा मात्र जबलपूरला, सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या खंडपीठापुढे न्यावा लागतो.

सेवेशी जोडलेल्या दुखण्यासाठी पेन्शन मागण्याच्या हक्काचं मूळ पहिल्या महायुद्धात आहे. ब्रिटिश पेन्शनच्या आदेशांत सेवेमुळे झालेल्या दुखण्याच्या जोडीला सेवेमुळे बळावलेलं दुखणंही आलं. तरी ते सिद्ध कुणी करायचं, हा खरा वाद होता. 1943 मध्ये तिथे पुराव्याचं ओझं सैनिकावरून उतरलं.

अमेरिकेत धागा आणखी लांब ओढला गेला. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्यांच्या मृत्यूंचा 1979 मधला अभ्यास सांगतो की गुडघ्यावरून पाय गेलेल्यांत हृदयविकाराचे बळी जास्त. त्यानंतर अशा सैनिकाचा हृदयविकार नियमानेच त्या पायाच्या खाती लागू लागला. पायाचं दुखणं काळजापर्यंत पोचतं, हे सरकारी कागदावर यायला एवढी वर्षं जावी लागली!

आपल्याकडे 1982 च्या नियमांनी भरतीवेळी जवान धडधाकट होता असं गृहीत धरलं. भरतीच्या कागदांत आजाराची नोंद नसेल, तर तो सहसा सेवेतच उद्भवला असं मानायचं, असं नियमात स्पष्ट होतं. प्रत्यक्षात मेडिकल बोर्ड एका ओळीत 'सेवेशी संबंध नाही' लिहून मोकळं होई. सिग्नल्समधले धरमवीर सिंह 1994 मध्ये फेफऱ्यामुळे घरी पाठवले गेले, अपंगत्व 20 टक्के. जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कारण न देता असा शेरा चालणार नाही. 20 हा आकडाही कळीचा. त्याच्या खाली गेलं की अपंगत्वाची पेन्शन सहसा हुकते.

पुण्यातल्या खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात मात्र, 1974 पासून, दुसऱ्या दुखण्याला कुणी दुय्यम म्हणत नाही. कण्याला गोळी लागलेल्याला पुढे भीती असते ती पाठीवरच्या शय्याव्रणांची आणि मूत्रसंसर्गातून किडन्या जाण्याची. म्हणून तिथे कूस बदलण्याच्या वेळाही सांभाळाव्या लागतात.